आजीचा जन्मदाखला आणि देशाची जर्सी

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात तालमीच्या संघात बाहेरचा खेळाडू आला तर पेठेत आठवडाभर चर्चा होते, पण निदान तो क्लब आहे. देशाच्या संघाचे काय? मोरोक्कोच्या संघात माद्रिदला जन्मलेला, कुरसाव या कॅरिबियन बेटाच्या संघात जवळजवळ सगळे हॉलंडचे. खेळाडू क्लब बदलतात तसे आता देश बदलू लागले आहेत. पूर्वी हे असे नव्हते. फिफा डोळ्यांवर कातडे ओढून बसली आहे का?
— एक जुना समर्थक, कोल्हापूर

उत्तर : ‘पूर्वी हे असे नव्हते’ एवढे वाक्य मागे घ्या, बाकीच्या तक्रारीवर बोलू. पूर्वी याहून कितीतरी मोकाट कारभार होता. लुइस मोंती १९३० चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून हरला आणि १९३४ चा इटलीकडून जिंकला. पुश्काश १९५४ मध्ये हंगेरीकडून खेळला, १९६२ मध्ये स्पेनकडून. आल्ताफिनी १९५८ च्या विजेत्या ब्राझील संघात होता आणि पुढच्याच विश्वचषकात इटलीच्या जर्सीत. हे बघून साठच्या दशकात फिफाने दार लावले. ते दार आजही बऱ्यापैकी बंदच आहे, फक्त त्याला मोजून काही खिडक्या ठेवल्या आहेत.

आजचा नियम दोन वेगळे प्रश्न विचारतो आणि बहुतेक वाद त्या दोघांची गल्लत झाल्यामुळे होतात. पहिला : तुमच्याकडे त्या देशाचे कायमचे नागरिकत्व आहे का? हे तो देश ठरवतो, फिफा नाही. दुसरा : नागरिकत्व नंतर घेतलेले असेल तर त्या भूमीशी तुमचा खरा संबंध आहे का? हे फिफा ठरवते. संबंध चारपैकी एका मार्गाने सिद्ध होतो. स्वतःचा जन्म तिथला, आई किंवा वडिलांचा जन्म तिथला, आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म तिथला, किंवा तिथले वास्तव्य. वास्तव्याची मोजणी वयावर आहे. दहा वर्षांचे होण्याआधी राहायला आला असेल तर किमान तीन वर्षे, त्यानंतर आला असेल तर किमान पाच. दहा ते अठरा या वयात आलेल्याला आणखी एक गोष्ट दाखवावी लागते, की हे स्थलांतर त्या देशाच्या संघात खेळण्यासाठी नव्हते.

ही पाच वर्षांची अट कुठून आली? २००४ मध्ये कतारने जर्मन लीगमध्ये धडाधड गोल करणाऱ्या ब्राझीलच्या आइल्टनला पैसे देऊ केले. त्याचा कतारशी संबंध शून्य. फिफाने तातडीने दोन वर्षे वास्तव्याची अट घातली आणि २००८ मध्ये ती वाढवून पाच केली. तेव्हा डोळ्यांवर कातडे ओढले असे म्हणता येणार नाही.

आता मोरोक्को. २०२२ च्या विश्वचषकात त्यांच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म मोरोक्कोबाहेरचा. हकिमी माद्रिदचा, झियेश हॉलंडचा. पण ही कामासाठी युरोपात गेलेल्या मोरोक्कन कुटुंबांची मुले आहेत. मोरोक्कोने त्यांना विकत घेतलेले नाही. त्यांना वाढवले, शिकवले, खेळवले ते युरोपातल्या अकादम्यांनी, आणि शेवटी त्यांनी आईबापांचा देश निवडला. यात फसवणूक कोणाची झाली असेल तर ती हॉलंड आणि स्पेनच्या महासंघांच्या खर्चाची. आमचे त्याबद्दल फारसे दुःख नाही.

कुरसावचे प्रकरण त्याहून वेगळे. हे बेट डच राज्याचाच भाग, त्यामुळे कुरसावचा स्वतंत्र पासपोर्ट नाहीच. तिथला माणूस आणि ॲमस्टरडॅमचा माणूस, दोघांकडे एकच डच पासपोर्ट. म्हणून अशा ठिकाणी नुसत्या पासपोर्टने भागत नाही, स्वतःचा, पालकांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म अथवा वास्तव्य त्या बेटावरचे दाखवावे लागते. दीडेक लाख वस्तीचे हे बेट २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरले, ते आजी-आजोबांच्या जन्मदाखल्यांच्या जोरावर.

आफ्रिकेच्या पश्चिमेकडचा बेटांचा देश केप व्हर्दे, त्याचेही तसेच. त्यांचा बचावपटू रोबेर्तो लोपेस डब्लिनमध्ये जन्मला. प्रशिक्षकाने त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला, त्याने तो फालतू समजून महिनोन्महिने तसाच पडू दिला. उत्तर दिले तेव्हा देश मिळाला. यात जर्सी विकली गेली असे वाटत असेल तर तुमची व्याख्या आमच्यापेक्षा कडक आहे.

एका बाबतीत मात्र आम्ही तुमच्या बाजूचे. आजी-आजोबांचा मार्ग आणि वास्तव्याचा मार्ग एका तागडीत तोलणे बरोबर नाही. ज्या खेळाडूने बाविसाव्या वर्षी एखाद्या देशातल्या क्लबशी करार केला आणि पाच वर्षे पगार घेतला, त्याला ‘तिथे राहिला’ म्हणणे कायद्याला धरून आहे, पण मनाला पटत नाही.

प्रश्न : मैत्रीपूर्ण सामना खेळला तर खेळाडू त्या देशाला बांधला जातो की नाही? मित्रांशी पैज आहे.
— नाशिक

उत्तर : नाही. बांधतो तो अधिकृत स्पर्धेतला सामना, मग त्यात कितीही कमी वेळ खेळलेले असो. इन्याकी विल्यम्स २०१६ मध्ये स्पेनकडून मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि २०२२ च्या विश्वचषकात घानाकडून. त्याचा भाऊ निको स्पेनकडून खेळतो. उलट मुनीर एल हद्दादी २०१४ मध्ये स्पेनसाठी युरो पात्रता सामन्यात शेवटची तेरा मिनिटे मैदानात होता, आणि त्या तेरा मिनिटांमुळे त्याचा २०१८ चा मोरोक्कोबरोबरचा विश्वचषक हुकला. क्रीडा लवादातही तो हरला.

सप्टेंबर २०२० मध्ये, केप व्हर्देच्या पुढाकाराने सुरू झालेल्या चर्चेतून, फिफाने नियम सैल केला. वरिष्ठ संघाकडून अधिकृत सामना खेळलेल्यालाही आता एकदा देश बदलता येतो, पण अटी पाच आणि पाचही हव्यात : एकूण वरिष्ठ सामने तीनपेक्षा जास्त नकोत (इथे मैत्रीपूर्णही मोजतात, पैज लावताना हे विसरू नका), शेवटचा सामना एकविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीचा, त्यानंतर तीन वर्षे उलटलेली, विश्वचषक किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पाऊल टाकलेले नसावे, आणि पहिला अधिकृत सामना खेळताना नव्या देशाचे नागरिकत्व आधीपासून हातात असावे. मुनीर या खिडकीतून २०२१ मध्ये मोरोक्कोकडे गेला.

प्रश्न : बांगलादेशाला हमझा चौधरी मिळतो, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळलेला. आपल्याकडे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये भारतीय वंशाचे इतके व्यावसायिक खेळाडू असताना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डवर त्यांना का खेळवत नाहीत? महासंघाला इच्छाच नाही की काय?
— पुणे

उत्तर : इच्छा आहे, कायदा नाही. फिफाच्या नियमात ज्याला ‘नागरिकत्व’ म्हणतात ते ओसीआय कार्ड नव्हेच. नावात ‘सिटिझन’ असले तरी ते व्यवहारात आयुष्यभराच्या व्हिसासारखे काम करते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीयाने स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. बांगलादेश ब्रिटनसोबत दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो. हमझाने आईच्या बाजूने बांगलादेशी पासपोर्ट काढला, ब्रिटिश पासपोर्ट तसाच ठेवला, डिसेंबर २०२४ मध्ये फिफाची परवानगी आली आणि मार्च २०२५ मध्ये तो शिलाँगला आपल्याविरुद्ध उतरला. सामना गोलशून्य. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात आपण ०-१ हरलो.

त्यात केंद्राच्या क्रीडा खात्याचे २००८ अखेरपासूनचे धोरण आहे, की भारताचे प्रतिनिधित्व भारतीय पासपोर्टधारकच करील. त्याआधी ओसीआय किंवा पीआयओ (भारतीय वंशाची व्यक्ती) कार्डवर काही खेळांत भारताकडून खेळता येत होते. म्हणजे कुलुपे दोन आहेत. क्रीडा खात्याचे धोरण उद्या बदलले तरी फुटबॉलमध्ये फरक पडणार नाही, कारण फिफा पासपोर्ट मागते.

आता रस्ता कसा आहे ते बघा. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली ‘नोंदणीने’ नागरिकत्व मिळते. खेळाडूच्या कामाच्या दोन वाटा आहेत. एक, आई किंवा वडील स्वतंत्र भारताचे नागरिक होते आणि अर्जाच्या लगतचे बारा महिने तो भारतात राहिला आहे. दुसरी, ओसीआय कार्ड काढून पाच वर्षे झाली आहेत आणि वास्तव्य पुन्हा तेच बारा महिने. बारा महिने म्हणजे सलग. केंद्र सरकार विशेष परिस्थितीत जास्तीत जास्त तीस दिवसांचा खंड माफ करू शकते. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागदांची तपासणी आणि शपथ जिल्हाधिकारी पातळीवर, निर्णय गृहमंत्रालयाचा. आणि जुने नागरिकत्व सोडावे लागते.

इथेच खरी मेख आहे. बावीस वर्षांचा, इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला क्लब सोडून वर्षभर भारतात राहायचे आहे. नंतर ब्रिटिश पासपोर्ट परत करायचा आहे. आणि मग परत इंग्लंडात खेळायचे म्हटले तर परदेशी खेळाडूसारखी गुणांवर आधारित परवानगी लागणार. तिथे राष्ट्रीय संघाकडून खेळल्याचे गुण मिळतात ते फिफा क्रमवारीत पहिल्या पन्नासात असलेल्या देशांच्या खेळाडूंना. आपण शंभराच्याही बरेच मागे. म्हणजे स्वतःच्या गावातल्या क्लबचे दार त्याने स्वतःच बंद करून घ्यायचे. कोण करील?

म्हणून आपल्या कायद्यातून मिळतात ते कारकिर्दीच्या उतरणीवरचे खेळाडू. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या इझुमी अराताने जपानी नागरिकत्व सोडून २०१३ मध्ये भारताकडून पदार्पण केले, तेव्हा तो तिशीत होता. रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मला, आई मूळची मुंबईची, आजोबा मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले. २०२३ पासून तो बेंगळुरू एफसीत आहे, म्हणजे वास्तव्याची अट आपोआप पूर्ण झाली. २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट हाती आला तेव्हा वय ३२. त्याने २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. वरच्या उत्तरात सांगितले तसे, त्याने बांधला गेला नव्हता. तरी ढाक्याला संघासोबत जाऊनही तो खेळू शकला नाही, कारण मंजुरीचे कागद वेळेत आले नाहीत. पासपोर्ट मिळाला की दुसऱ्या दिवशी खेळता येते, हा गैरसमज त्या आठवड्यात अनेकांचा दूर झाला असेल.

आमचे मत स्पष्ट आहे. दुहेरी नागरिकत्व फुटबॉलसाठी येणार नाही, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. इथल्या क्लबांनी भारतीय वंशाचे खेळाडू तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी आणावेत, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षापर्यंत कागद पूर्ण होतील. पण पासपोर्ट नाही तोवर असा खेळाडू क्लबच्या परदेशी कोट्यात मोजला जातो. त्या जागेवर क्लब अनुभवी स्पॅनिश किंवा ब्राझिलियन घेईल की लीसेस्टरहून आलेला कच्चा पोरगा? महासंघाच्या हातात काही असेल तर ते हे आहे : पासपोर्टसाठी अर्जपात्र ओसीआय खेळाडूला दोन हंगाम कोट्याबाहेर ठेवायचे.

आणि एक ध्यानात ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला १-२ हरवून आशिया चषकाची वाट बंद केली. दोन्ही गोल साँग उइ-यंगचे. जन्म कोरियाचा, सिंगापूरमध्ये कोवळ्या वयात येऊन क्लबच्या संघांतून वर चढलेला, २०२१ मध्ये नागरिक झालेला. सिंगापूरही दुहेरी नागरिकत्व देत नाही. तेव्हा ‘आपला कायदा आड आला’ हे पूर्ण उत्तर नव्हे.

प्रश्न : माझे वडील १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले. मी लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढायच्या विचारात आहे. मुलगा चौदा वर्षांचा, राज्याच्या १५ वर्षांखालील संघात आहे. त्याचाही अर्ज आताच करावा का? पोर्तुगालमधल्या अकादमीत घालता येईल असे एजंट म्हणतो.
— म्हापसा

उत्तर : एजंटला एकच प्रश्न विचारा : अठरा वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी क्लबमध्ये नोंदवायला फिफाची मुळात बंदी आहे, तर तुम्ही कोणत्या सवलतीखाली नोंदवणार? तुमच्या बाबतीत लागू होण्यासारखी मुख्य सवलत म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेलेले असणे. तुम्हाला तिथे खरी नोकरी आहे, घरभाडे करार आहे, मुलगा तिथल्या शाळेत आहे, हे कागदावर दिसले पाहिजे. आधी अकादमीचे पत्र आणि मग बापाची नोकरी, असा तारखांचा क्रम असला की फिफा अर्ज फेटाळते. चौदाव्या वर्षी पोर्तुगीज पासपोर्टने ही बंदी उठत नाही.

आता भारताची बाजू. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नोंदणीचा मार्ग आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण नुसत्या लिस्बनच्या जन्मनोंदीने भारतीय नागरिकत्व जाते की पोर्तुगीज ओळखपत्र-पासपोर्ट घेतल्यावर, यावर गोव्यात बरीच भांडणे झाली आहेत. त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय मुलाच्या नावाने काहीच दाखल करू नका. स्वतःच्या अर्जाचाही परिणाम मुलावर होऊ शकतो. कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पालकाने भारतीय नागरिकत्व सोडण्याची घोषणा केली तर अज्ञान मुलाचेही नागरिकत्व जाते. सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते परत घेण्याची घोषणा त्याला करता येते. ती मुदत फार थोड्यांच्या लक्षात राहते.

मुलगा भारताच्या १७ वर्षांखालील शिबिराच्या आसपास असेल तर तिथे पहिल्याच दिवशी भारतीय पासपोर्ट मागतील. आमचा सल्ला : अठरापर्यंत त्याचे कागद भारतीय ठेवा. वडिलांच्या पोर्तुगीजकालीन जन्मनोंदीची प्रमाणित प्रत मात्र आताच काढून ठेवा. जुन्या नोंदींत नावाचे स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे, लग्नाच्या नोंदीत तिसरे, हाच नेहमीचा अडथळा असतो, आणि दुरुस्तीला महिने जातात. पुढे त्याने पोर्तुगीज व्हायचे ठरवले आणि नंतर मन बदलले तर परतीचा मार्ग आहे, तोच बारा महिने वास्तव्याचा, पोर्तुगीज पासपोर्ट सोडून.

प्रश्न : अपात्र खेळाडू खेळवला तर नेमके काय होते? दंड भरून सुटतात का?
— ठाणे

उत्तर : सामना ०-३ ने जातो, आणि कधीकधी तक्रार करणाऱ्याचाच घात होतो. २०१६ मध्ये बोलिव्हियाने पॅराग्वेत जन्मलेल्या नेल्सन काब्रेराला पेरू आणि चिलीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरवले. पाच वर्षांचे वास्तव्य झालेले नव्हते. चिलीने तक्रार केली. फिफाने दोन्ही सामने ३-० असे फिरवले. चिलीचा सामना बरोबरीत होता, त्यांना दोन गुण जास्त मिळाले. पेरू तो सामना ०-२ हरला होता, त्यांना सरळ तीन. पात्रता फेरी संपली तेव्हा दोघांचे गुण २६-२६, गोलफरकावर पेरू पाचवा, चिली बाहेर. तक्रार झाली नसती तर चिली २४ आणि पेरू २३. पेरू पुढे प्लेऑफ जिंकून रशियाला गेला.

कागद खोटे असतील तर प्रकरण वाढते. जून २०२५ मध्ये मलेशियाने व्हिएतनामला ४-० हरवले. त्यांच्या सात खेळाडूंचे आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे दाखले फिफाकडे गेले होते. फिफाने मूळ नोंदी शोधल्या, त्या निघाल्या अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि हॉलंडच्या. एकाची आजी कागदावर पेनांगची, प्रत्यक्षात अर्जेंटिनातल्या रोल्दानची. शिस्तपालन समितीने मलेशियाच्या महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड ठोठावला आणि खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नागरिकत्व देणाऱ्या सरकारचा दाखला फिफाला पुरत नाही, ती जन्म जिथे झाला त्या गावच्या नोंदवहीपर्यंत जाते.

खोटे काहीच नसताना अर्ज करायचा राहून गेला, असेही होते. एमिलियो एन्सुए स्पेनच्या युवा संघांतून खेळलेला. २०१३ पासून तो इक्वेटोरियल गिनीकडून खेळला, आफ्रिका चषकात सर्वाधिक गोल केले, आणि २०२४ मध्ये फिफाने ठरवले की देशबदलाची रीतसर परवानगी नसल्याने तो इतकी वर्षे अपात्रच होता.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, इंग्लंडमध्येच जन्मली, ब्रिटिश पासपोर्ट, ओसीआय कार्ड. तिला इंग्लंडच्या युवा शिबिराचे बोलावणे येण्याची शक्यता आहे. ते स्वीकारले तर भारताचा मार्ग बंद होतो का?
— स्लाऊ, इंग्लंड

उत्तर : शिबिराने नाही, मैत्रीपूर्ण सामन्यानेही नाही. युवा गटाची अधिकृत स्पर्धा, उदाहरणार्थ युरोपची १७ वर्षांखालील पात्रता फेरी, खेळली तर पुढे देशबदलाचा अर्ज करावा लागेल, आणि तो आयुष्यात एकदाच. तेव्हा तिच्याकडे भारतीय नागरिकत्व नव्हते हे आडवे येत नाही, मात्र इंग्लंडकडून शेवटचा सामना एकविशीच्या आतला हवा.

वरिष्ठ संघाची गोष्ट निराळी. वर नाशिकच्या उत्तरातली पाचवी अट पुन्हा वाचा : पहिल्या अधिकृत सामन्याच्या वेळी नव्या देशाचे नागरिकत्व हातात हवे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे ब्रिटिश पासपोर्टवर खेळणाऱ्या मुलीला ही अट पाळताच येत नाही. तीन सामन्यांची सवलत मोरोक्कोसाठी आहे, केप व्हर्देसाठी आहे, भारतासाठी जवळजवळ नाही. इंग्लंडच्या वरिष्ठ संघाकडून एक अधिकृत सामना झाला की भारत संपला.

तोवर तीन गोष्टी करा. ओसीआय कार्डाची तारीख जपा, पाच वर्षे तिथून मोजतात. तुम्हा दोघांचे भारतातले जन्मदाखले आणि जुने, रद्द केलेले भारतीय पासपोर्ट टाकून देऊ नका, आईबाप भारताचे नागरिक होते हे त्यांवरूनच सिद्ध होते. आणि शाळा बदलताना जुन्या शाळेकडून हजेरीचे पत्र घ्या. ब्रिटनमधल्या चार महासंघांत अठराच्या आत त्या भागात पाच वर्षे शिक्षण झाले असेल तर आजी-आजोबांच्या जन्माशिवायही पात्रता मिळते. पुढेमागे तुम्ही कार्डिफला राहायला गेलात तर वेल्सचे लोक तिथल्या शाळेचे तसेच पत्र मागतील.